जुळारी आजोबांची तक्रार

लोक डॉक्टरशी बोलतात त्याहून जास्त खोटं नेटवाल्याशी बोलतात, हे माझं बावीस वर्षांचं मत आहे. "आम्ही हातसुद्धा लावला नाही हो, आपोआपच हळू झालं," असं शपथेवर सांगणाऱ्या घरांत मला राउटर फ्रिजच्या मागे, माशांच्या टाकीला टेकून आणि एकदा तर पिठाच्या रिकाम्या डब्यात सापडला आहे. आधी मी टेलिफोनच्या खांबांवर चढत होतो, आता लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत गुडघे टेकून भिंतीशी वायरी चाचपतो. त्यामुळे मला कोणी चिडका म्हटलं तर राग येत नाही. म्हणजे येतो, पण मी तो गिळतो.

जुळारी आजोबांची पहिली तक्रार फोनवर मजकूर म्हणून आली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. "नेट हळू आहे. फोन करू नये, उचलला जाणार नाही. घंटेचं बटण एकदाच दाबावं." फोन न उचलणारी गिऱ्हाइकं मी जन्मभर पाहिली, पण आधीच तसं लेखी कळवणारं हे पहिलंच. तिसऱ्या मजल्यावर जाऊन बटण दाबलं. आतून चिटपाखराचाही आवाज नाही. घंटाही बिघडलेली दिसते, असं पुटपुटत मी सात-आठ वेळा दाबलं, शेवटी तर अंगठा तसाच रेटून धरला. दार उघडलं आणि एक उंच, टकले आजोबा धापा टाकत समोर उभे राहिले. त्यांच्या मागे घरातले चारही दिवे एकदम उघडझाप करत होते. त्यांना वाटलं होतं, इमारतीला आग लागली.

त्यांनी आपल्या कानाकडे बोट दाखवून हात नकारार्थी हलवला. मग दाराशीच टांगलेली एक फळी माझ्या हातात दिली. फळीला पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा लावलेला होता आणि दोरीला पेन्सिल. ओशाळून मी लिहिलं, "नेट कधी पासुन स्लो आहे?" आजोबांनी कागद घेतला, खिशातून लाल पेन्सिल काढली, माझं 'कधी पासुन' जोडून दीर्घ केलं आणि मगच खाली उत्तर लिहिलं, "तीन महिने." अक्षर असं की छापल्यासारखं. मी मनात म्हटलं, आज कोणाचं तोंड बघून निघालो होतो.

ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून, उलटे लावून, ओळी जुळवणारे. तिसऱ्या वर्षी तापात त्यांचे कान गेले आणि सतराव्या वर्षी छापखान्याच्या मालकाने त्यांना कामावर घेतलं ते 'बहिऱ्याला मशीनचा त्रास नाही' या हिशेबाने. मालकाचा हिशेब थोडा चुकला. आजोबांना मशीन तळपायातून कळायचं. एकदा त्यांनी मशीनवाल्याला जाऊन खुणेने सांगितलं की उजव्या बाजूचा कुठलातरी भाग सैल झालाय, तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बसलं. एकतीस वर्षं त्यांनी खिळे जुळवले. संगणक आल्यावर खिळे वजनावर गेले आणि आजोबा मुद्रितं तपासू लागले. हे सगळं मला पुढे वर्षभरात कागदावर कळलं. त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसत होतं की या घरात राउटर कुठेच दिसत नाही.

वायरीचा माग काढत मी लोखंडी कपाटापाशी पोचलो. कपाटाच्या पाठीला नीट गोल भोक पाडून वायर आत घेतली होती. दार उघडलं, तर इस्त्रीच्या सदऱ्यांच्या दोन चळतींमध्ये राउटर बसलेला, जणू त्याला थंडी वाजत होती. मी कपाळाला हात लावला. लोखंडी कपाटात राउटर ठेवणं म्हणजे माणसाला रजईत गुंडाळून भाषण करायला लावणं. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "इथे का ठेवला?"

"दिवा लुकलुकतो," त्यांनी लिहिलं.

"तो लुकलुकणारच!"

आजोबांनी माझं मनगट धरून मला बाहेर नेलं आणि घंटेचं बटण एकदा दाबलं. आतले चारही दिवे लुकलुकले. मग त्यांनी कपाटातल्या राउटरच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि दाराकडे बोट दाखवलं, पुन्हा दिव्याकडे, पुन्हा दाराकडे. मला हळूहळू उमगलं. या घरात कुठलाही दिवा लुकलुकला की दारात कोणीतरी आलेलं असतं. राउटर बसवल्यावर पहिले आठ दिवस आजोबा दिवसातून पंचवीस-तीस वेळा उठून दार उघडत होते. "बायको जाऊन चार वर्षं झाली," त्यांनी लिहिलं. "रिकामा जिना इतक्या वेळा बघवत नाही."

माझी चूक नव्हती, तरी मला शरमल्यासारखं झालं. मी काळ्या चिकटपट्टीचे तुकडे कापले, राउटरच्या सगळ्या दिव्यांवर चिकटवले आणि त्याला पुस्तकांच्या फळीवर, उंच आणि मोकळं, बसवलं. वेग मोजला. कपाटात तीन होता, बाहेर सत्तेचाळीस झाला. मी खूश. पट्टीवर तारीख आणि काम लिहायची माझी सवय आहे, ती लिहिली आणि निघायला लागलो. आजोबांनी माझी बाही धरली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. चार वाजायला पाच मिनिटं होती.

चार वाजता संगणकाच्या पडद्यावर धाकटी आली. धाकटी म्हणजे एकोणसत्तर वर्षांची बाई, आजोबांची बहीण. ती दुसऱ्या गावी लेकीकडे राहते. ती जन्मतःच बहिरी. तिच्या जन्मानंतर वर्षभराने आईवडिलांना ते कळलं तेव्हा घरात सुतक लागल्यासारखं झालं होतं, पण पोरसवदा आजोबा मात्र आनंदाने नाचले होते. त्यांना सोबत मिळाली होती. दोघांनी मिळून टेबलाखाली, पांघरुणात, आईच्या पाठीमागे आपल्याच खुणा तयार केल्या. पुढे शाळेत त्यांना सगळ्या बहिऱ्यांची खुणांची भाषा शिकवली, ती दोघं शिकली, पण ती परक्यांशी बोलायला. एकमेकांशी मात्र घरचीच. आजोबांच्या बायकोला त्यातली संसारापुरती यायची, धाकटीच्या लेकीला जेवणखाणापुरती येते. सगळी भाषा येणारी माणसं जगात दोनच.

धाकटीने पहिल्यांदा स्वतःच्या कपाळावरून दोनदा बोटं मागे फिरवली, डोळ्यांवरची झुलपं सारावीत तशी. हे आजोबांचं नाव. लहानपणी त्यांचे केस सतत डोळ्यांवर यायचे. आता डोक्यावर औषधालाही केस नाही, पण नाव तेच राहिलंय. आजोबांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवलं, तिला जिथे खळी पडते तिथे. हे तिचं नाव. मग दोघांचे हात असे सुटले की मी तोंडाचा आ करून बघत राहिलो. नकला, भांडणं, कोणाच्यातरी चालीची टिंगल, सगळं. आजोबा हसताना घशातून एक घोगरा आवाज काढत होते, तो त्यांना स्वतःला कधीच ऐकू आला नव्हता.

पाच मिनिटांनी आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी कागद ओढला. "ती म्हणते, अजून तुटतंय. माझे हात हरवतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सत्तेचाळीसच्या वेगावर चित्र तुटतं? माझ्या हातचं? मी लिहिलं, "उद्या येतो." आजोबांनी त्याखाली लिहिलं, "रोजची चारची वेळ सोडून बाकी काही नाही माझ्याकडे. नक्की ये." तुम्हीवरून तूवर ते एकाच दुपारी आले.

दुसऱ्या दिवशी मी सगळी हत्यारं घेऊन गेलो. या कामाची एक रीत असते. हवेतून जाणारं नेट रुसलं असेल तर हवाच काढून टाकायची, म्हणून मी राउटरपासून संगणकापर्यंत सरळ वायर टाकली. भिंतीतून येणारी जुनी तार बदलली. शेजारपाजारच्या पाच घरांचे राउटर लहरींच्या एकाच पट्ट्यात गर्दी करून होते, आजोबांचा दुसरीकडे हलवला. मग वेग मोजला. नुसता येणारा नाही, जाणाराही. आजोबांना धाकटी दिसते ती येणाऱ्या वेगाने आणि धाकटीला आजोबा दिसतात ते जाणाऱ्या वेगाने. लोक येणारा तेवढा बघतात आणि समोरच्याला आपण कसे दिसतो याची फिकीर करत नाहीत. जाणारा वेगही ठणठणीत होता. पडद्याच्या कोपऱ्यात आजोबांचं स्वतःचं चित्र दिसत होतं. त्यात त्यांचे हात पूर्ण मावत होते, बोट न् बोट दिसत होतं.

चार वाजता धाकटी म्हणाली, हात हरवतात.

आठवडाभर मी त्या घराच्या पायऱ्या झिजवल्या. कंपनीतला साहेब म्हणाला, "एका म्हाताऱ्यासाठी किती फेऱ्या मारणार आहेस?" मी त्याला म्हटलं, "चालू होईपर्यंत." शेवटी एकच गोष्ट उरली होती. दोष इकडे नसेल तर तिकडे असणार. धाकटीच्या गावी माझा जुना सोबती आहे, जाड्या. आम्ही दोघं एकाच खांबावर पाळीपाळीने चढायचो, खांब वाकायचा तो त्याच्या पाळीला. तो आता तिथल्या एका कंपनीत हेच काम करतो. त्याला गळ घातली, तो एका दुपारी चार वाजता धाकटीच्या घरी जाऊन बसला. पाच वाजता त्याचा फोन आला.

"नेट एकदम झक्कास आहे रे," तो म्हणाला. "मी बाईंच्या खुर्चीशेजारीच बसलो होतो. तुझा म्हातारा सिनेमात दिसावा तसा दिसतोय. नखं मोज म्हटलं तर मोजीन."

"मग तुटतंय काय?"

"मी त्यांच्या हाताशी चहाचा कप ठेवला," तो म्हणाला. "हे एवढ्या अंतरावर. त्या समोर बघत होत्या. त्यांना तो दिसलाच नाही, सांडला. नंतर उठल्या तर दाराच्या चौकटीवर खांदा आपटला. थांब, लेक बोलतेय तुझ्याशी."

लेकीचा आवाज दबका होता. ती बहुधा जिन्यात उभी होती. "दादा, मामाला सांगू नका. आईने मला शपथ घातलीय. तिची नजर कडेकडून मिटत चाललीय. आत्ता मध्ये नळीतून दिसावं तेवढंच दिसतं. तिला मामाचा चेहरा दिसतो, पण हात इकडेतिकडे गेले की संपलं. पुढच्या वर्षी तेवढंही राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत."

"मग मामांना सांगायला नको?"

"आई म्हणते, त्याला कळलं तर तो रोज चार वाजता नुसता रडत बसेल आणि बोलायचं राहून जाईल. म्हणून ती नेटचं नाव पुढे करते. तुम्ही एवढंच करा, नेट खराब आहे म्हणत राहा."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्कूटरवर नुसता बसून राहिलो. बावीस वर्षं मी लोकांच्या नावाने बोटं मोडली की ते माझ्याशी खोटं बोलतात. आता मला खोटं बोलायचं होतं, आणि तेही माझ्या धडधाकट नेटची बदनामी करून. पण त्याचं काय एवढं वाटत नव्हतं. वाईट याचं वाटत होतं की त्या दोघांच्या भाषेला आता दिवस मोजायची वेळ आली होती आणि हे तिला माहीत होतं, भाचीला माहीत होतं, जाड्याला आणि मलाही माहीत होतं, ज्याची ती भाषा होती त्यालाच तेवढं नव्हतं. माझी आई गेली तेव्हाही मी असा बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी बटण एकदाच दाबलं. आत जाऊन फळी घेतली आणि आधीपासून घोकलेलं वाक्य लिहिलं. "दोष त्यांच्या बाजूच्या लाइनमध्ये आहे. काम चालू आहे, वेळ लागेल."

आजोबांनी ते वाचलं. लाल पेन्सिल काढली. मला वाटलं, शुद्धलेखन. पण त्यांनी संपूर्ण ओळीवरून एक सरळ लाल रेघ मारली आणि समासात वगळण्याची खूण केली, मुद्रितात नको असलेल्या मजकुरावर करतात ती. मग खाली शांतपणे लिहायला लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो.

"नेट तुटलं की सगळं चित्र एकदम तुटतं. चेहरा, हात, मागचा पडदा, सगळं. राउटर कपाटात होता तेव्हा मला ती तशीच तुटलेली दिसायची. पण ती म्हणते माझा चेहरा दिसतो आणि फक्त हात हरवतात. पान छापताना कडेच्याच ओळी उडाल्या तर दोष कागदाचा असतो की बघणाऱ्याचा, हे मला कळतं. आठ दिवस वाट बघतोय की तू सांगशील. खरं लिही."

हे मला सुचायला हवं होतं. पहिल्याच दिवशी, खिशातून एकही हत्यार न काढता. मी पेन्सिल घेतली आणि भाचीने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं. अक्षर कोंबडीचे पाय झालं होतं. आजोबांनी त्यातलं एकही चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उपडा केला, दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी जुन्या पुस्तकाचं मुद्रित होतं, त्याकडे बघत बसले. मग त्यांच्या घशातून आवाज यायला लागला. हसतानाचाच तो घोगरा आवाज, पण हे रडणं होतं, आणि ते किती मोठ्याने होतंय हे त्यांना कळत नव्हतं. शेजारच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. मी त्यांना हाताने परत पाठवलं आणि आजोबांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

घड्याळात तीन वाजले होते. आजोबांनी तोंड धुतलं आणि लिहिलं, "तिला किती दिसतं? दाखव."

माझ्याजवळ चिकटपट्टीचं रीळ होतं. मी ते डोळ्याला लावून दाखवलं. त्यांनी ते घेतलं, एक डोळा मिटला, दुसऱ्याला रीळ लावलं आणि मला खुणेने समोरच्या खुर्चीत बसवलं. मला हात हलवायला लावले. मग ते एकेक पाऊल मागे सरकू लागले. दोन पावलं, तीन, चार. पाचव्या पावलाला थांबले आणि त्यांनी मान डोलावली. त्या भोकात मी आता हातांसकट मावत होतो.

मग त्या घरात जी धांदल उडाली ती मी विसरणार नाही. आम्ही खुर्ची संगणकापासून पाच पावलं मागे नेली. आजोबांनी पांढरा सदरा काढून कपाटातून गडद निळा काढला, म्हणजे हात उठून दिसतील. मुद्रितं तपासायचा जुना दिवा मी असा वाकवला की उजेड थेट हातांवर पडावा. आजोबा आरशासमोर उभे राहून आपल्या खुणा लहान करायला शिकत होते. खांद्याएवढे पसरणारे हात त्यांनी छातीजवळ, हनुवटीखाली आणले. आयुष्यभर मोठ्या टाइपात बोललेला माणूस पाऊण तासात बारीक टाइपावर आला. खुर्चीच्या पायांपाशी मी जमिनीवर चिकटपट्टी लावून तारीख टाकली.

चार वाजता धाकटी आली. आजोबांनी हनुवटीला बोट लावलं आणि काहीतरी सांगितलं. ती पुढे झुकली. डोळे बारीक केले. आणि एकदम तिचा चेहरा असा उजळला की मला खिडकीकडे बघावं लागलं. दोघं पंचावन्न मिनिटं बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी मी लिहिलं, "सुरुवातीला काय सांगितलंत?"

आजोबांनी लिहिलं, "म्हटलं, नेटवाला म्हणतो लांब बसलं की वेग वाढतो. ती म्हणाली, नेटवाला हुशार आहे."

मग मी त्या बाजूला गेलो की काही ना काही निमित्त काढून वर जायचो. कधी वायर तपासायची म्हणून, कधी वेग मोजायचा म्हणून. दर वेळी जमिनीवर एखादी नवी पट्टी असायची. खुर्ची मागे सरकत होती. दोन महिन्यांनी सहा पावलं, मग सात. पुस्तकांचं शेल्फ आड आलं तर ते हलवलं. सहाव्या महिन्यात खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात पोचली, आठव्यात आत शिरली, आणि आजोबा ओट्याला पाठ लावून बहिणीशी गप्पा मारू लागले. "आता भाजी जळाली तरी बोलता बोलता ढवळता येते," त्यांनी मला लिहिलं. मी एकदा विचारलं, अजून ताईंना सांगितलं नाही? त्यांनी लिहिलं, "तिला कळलंय की मला कळलंय. आम्ही दोघं मिळून तुझ्या नेटला शिव्या देतो. तू मनाला लावून घेऊ नकोस." मी लावून घेतलं नाही. कंपनीत मात्र त्या घराच्या नावावर माझ्या चौदा फेऱ्या जमा झाल्या होत्या आणि साहेबाने मला ज्ञानाचे चार शब्द ऐकवले.

अकराव्या महिन्यात फोनवर नवा मजकूर आला. "कनेक्शन बंद करणे. फोन करू नये. बटण एकदाच दाबावं." मी बाकीची कामं सोडून गेलो.

घरात दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. भिंतींवर शेल्फाच्या जागी फिके चौकोन. खुर्ची स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकलेली. तिच्यामागे जागा नव्हती. राउटर पुसून, वायर गुंडाळून टेबलावर ठेवला होता, त्यावर माझ्या काळ्या पट्ट्या तशाच. आजोबांनी आधीच लिहून ठेवलेला कागद पुढे केला.

"परवा तिने बोलता बोलता हात पुढे केला आणि कॅमेऱ्यावर ठेवला. पडदा काळा झाला. बराच वेळ तसाच होता. तिला माझा हात हवा होता. आता बोलायचं तर हातात हात घेऊनच बोलता येईल, खुणा तळहातावर आणि बोटांवर कराव्या लागतील. भाचीने बोलावलंय. उद्या जातोय."

मी कंपनीचा अर्ज काढला. त्यात कनेक्शन का बंद करता याचा एक रकाना असतो आणि वेगाबद्दल मत असा दुसरा. आजोबांनी पहिल्यात लिहिलं, "बहिणीकडे जात आहे." दुसऱ्यात लिहिलं, "उत्तम." मग थोडं थांबून त्याखाली एक रेघ ओढली. त्या रेघेने मला जे बरं वाटलं ते मला बावीस वर्षांत कोणाच्या कौतुकाने वाटलं नव्हतं.

जायला निघालो तर त्यांनी माझी बाही धरली, पहिल्या दिवशी धरली होती तशी. लिहिलं, "एक काम कर. डोळे मिट. उद्या दारात मी उभा राहीन आणि तिला दिवाही दिसणार नाही, मीही दिसणार नाही. कोण आलंय हे तिला कसं सांगायचं, ते बघायचंय."

मी डोळे मिटले. राउटर काखेत होता, तो खाली ठेवायचंही सुचलं नाही. आजोबांनी माझा मोकळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खिळे उचलून उचलून त्यांच्या बोटांची टोकं चपटी, गुळगुळीत झाली होती. त्यांनी माझी बोटं वर नेली, आपल्या कपाळावर ठेवली आणि मागे फिरवली. एकदा. पुन्हा एकदा. केस नव्हते, नुसतं ऊबदार, सुरकुतलेलं कपाळ होतं. मग त्यांनी माझा हात सोडला नाही, तसाच धरून उभे राहिले. माझ्या उत्तराची वाट बघत होते.

डोळे न उघडताच मी मान डोलावली. कोण आलंय ते कळलं होतं.